दिवा वाढवणे

पेठ्यांच्या घरात दिवा कधी विझला नाही. रोज तिन्हीसांजेला देवापाशी तो लागायचा आणि तासाभराने बंदही व्हायचा, पण तो ‘विझला’ असं म्हणायची त्या घरात सोय नव्हती. दिवा वाढायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. आणि घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. हा सगळा कायदा मुग्धाचा. श्रीरंग पेठे इंजिनिअर माणूस, बॅटऱ्या आणि विजेच्या हिशेबात रमणारा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याने बायकोची यथेच्छ थट्टा केली.

“बंद केलेली वस्तू वाढते कशी, हे एकदा गणित मांडून दाखव मला,” तो म्हणायचा.

“गणित तुझं तुझ्यापाशी ठेव. बोलताना तरी चांगलं बोलावं,” मुग्धा म्हणायची.

लहानगी मैथिली शाळेला निघताना दारातून “जाते गं आई” असं ओरडली, की स्वयंपाकघरातून तितक्याच मोठ्याने दुरुस्ती यायची, “येते म्हणावं!” मैथिली दोन जिने उतरून गेलेली असली तरी खालून “येते!” असं ओरडून मगच पुढे पळायची.

सात वर्षांपूर्वी मुग्धा गेली. तेव्हापासून श्रीरंग तो कायदा तिच्यापेक्षा कडकपणे पाळू लागला. देवावर त्याचा फारसा विश्वास होता अशातला भाग नाही. पण तिचे शब्द तोंडात असले की घर अगदीच रिकामं वाटत नसे. ऑफिसातला साधा बल्बसुद्धा तो ‘वाढवायला’ सांगायचा आणि त्याच्या हाताखालचे लोक गालातल्या गालात हसत बटण बंद करायचे.

आता हे सगळं घरगुती झालं. याचा चंद्राशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. आम्हालाही तो नसता तर बरं वाटलं असतं.

दिवे घाट चढून गेलं, की सासवडच्या अलीकडच्या पठारावर ते केंद्र होतं. २०४७ साली तिथे ‘मुंगी’च्या मोहिमेची आखणी चालली होती. मुंगी म्हणजे मोठ्या पेटाऱ्याएवढं सहा चाकांचं वाहन. त्यात माणूस नाही आणि त्याला परतीचा प्रवासही नाही. त्याने जायचं होतं चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी, एका खड्ड्यात. त्या खड्ड्याला ‘ओंजळ’ हे नाव मैथिलीने दिलं होतं. ती आता बत्तीस वर्षांची होती, बर्फाचा अभ्यास करत होती आणि याच केंद्रात बापाच्या दोन खोल्या पलीकडे बसत होती.

चंद्राचा आस जवळजवळ सरळ उभा आहे. त्यामुळे ध्रुवापाशी सूर्य कधी डोक्यावर येत नाही. क्षितिजाला धरून कडेकडेने फिरतो. खोल विवरांच्या तळाशी त्याचा किरण कधीच पोचत नाही. तरी समोरच्या उजळलेल्या कड्यावरून थोडा उजेड आत सांडतोच. ओंजळ होती अशा एका मोठ्या विवराच्या पोटातलं छोटं विवर, जेमतेम चाळीस मीटर रुंद. तिथे तो सांडलेला उजेडसुद्धा जात नव्हता. साडेतीन अब्ज वर्षं तिथे अंधार होता आणि उणे दोनशे चाळीस अंशांची थंडी.

एवढ्या थंडीत गोठणाऱ्या पाण्याला स्फटिक व्हायलाही सवड मिळत नाही. ते जसं असेल तसं थिजतं आणि आसपासचे वायू पोटात धरून ठेवतं. अशा बर्फाचे थरावर थर तिथे बसले होते आणि थराथरात त्या त्या काळचे वायू कोंडलेले होते. मात्र हा बर्फ उणे एकशे चाळीसच्या वर तापला, की त्याचे स्फटिक होतात आणि पोटातलं सगळं तो सोडून देतो. मग दिसायला बर्फ तोच, पण त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही उरत नाही.

मैथिलीचं म्हणणं असं, की वीतभर खोल, सगळ्यांत खालच्या थरात, पृथ्वीवरचं पाणी कुठून आलं याचा पुरावा आहे. नऊ वर्षं ती हे मांडत होती आणि नऊ वर्षं मोठमोठी माणसं तिच्याकडे बघून समजुतीने हसत होती. आता एकदाच तपासून घ्यायची संधी आली होती. दोन वर्षांनी त्या भागात बर्फ तापवून पाणी काढणारी यंत्रं उतरायची होती. एकदा ती उतरली, की तिथला बर्फ वाचता येणार नव्हता.

मोहिमेची आखणी करणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव ‘नियोजक’. पण ते प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायचं, कलमं पाडायचं आणि मंजुरीशिवाय पुढे सरकायचं नाही, म्हणून केंद्रातले लोक त्याला तलाठ्याला म्हणावं तसं ‘भाऊसाहेब’ म्हणत. पूर्वी अशा मोहिमेच्या आज्ञा शंभरेक माणसं दोन-दोन वर्षं हाताने लिहीत. भाऊसाहेबांपुढे तज्ज्ञाने फक्त बोलायचं, तेही आपल्या भाषेत. माणूस परक्या भाषेत नियम सांगतो आणि आपल्या भाषेत अनुभव सांगतो, असं हे यंत्र बनवणाऱ्यांना आढळलं होतं. मराठीत बोलायला लागल्यापासून जुने, मुरलेले इंजिनिअर अशा बारीकसारीक गोष्टी सांगू लागले, ज्या त्यांनी कुठल्याच अहवालात लिहिल्या नव्हत्या. चुका निम्म्यावर आल्या. केंद्राला त्याचा केवढा अभिमान!

बोलून झालं, की ‘वाचन’ व्हायचं. भाऊसाहेब एकेक कलम वाचून दाखवणार आणि ज्याचं कलम त्याने ‘मान्य’ म्हणायचं. वाचनाला तज्ज्ञ आणि यंत्र दोघंच. चारचौघांत ‘मला हे ठाऊक नाही’ म्हणायला माणूस लाजतो, म्हणून ही व्यवस्था.

मुंगीची बॅटरी आणि दिवा ही दोन्ही खाती श्रीरंगकडे होती. वाचनाच्या आदल्या संध्याकाळी बापलेक पिठलं-भाकरी खात बसले होते.

“बाबा, उतरताना दिवा मंद चालेल,” मैथिली म्हणाली. “पण तळाशी पोचल्यावर तो अजिबात नको. पुढचे सात तास काळोखातच भोक पाडायचं. दिव्याच्या उष्णतेनेसुद्धा जमीन तापेल.”

“हो गं. तेवढं कळतं मला.”

“मी माझ्या कलमांत घालू का?”

“दिवा माझ्या खात्यात आहे, तू कशाला घालतेस? दोन ठिकाणी लिहिलं की भाऊसाहेबांच्या शंका सुरू होतात. घे, ठेचा घे.”

मैथिलीने ठेचा घेतला. तिच्या कलमांत भोक पाडणाऱ्या गिरमिटाचं तापमान होतं, नमुन्याच्या डबीचं तापमान होतं. दिव्याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण ते बाबाशी बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर श्रीरंग वाचनाला बसला. त्याच्या वाट्याची पावणेदोनशे कलमं होती. बाहेर पठारावर वारा सुटला होता आणि त्याला सुखाची झापड येत होती.

“कलम सहाशे बारा,” भाऊसाहेब म्हणाले. “ओंजळीच्या तळाशी थांबल्यावर प्रथम दिवा वाढवणे. नंतर गिरमिट सुरू करणे.”

श्रीरंगचेच शब्द होते, जसेच्या तसे.

“मान्य,” तो म्हणाला.

अकरा महिन्यांनी मुंगी चंद्रावर उतरली. मोठ्या विवराच्या काठावरून ओंजळीकडे जायला तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता केंद्राच्या मोठ्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे उगाचच मोठ्याने हसले. केंद्राच्या प्रमुख डॉ. सबनीस पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मैथिली उभीच होती. तिने आईची अबोली रंगाची साडी नेसली होती.

मुंगी मंद उजेडात हळूहळू उतरत होती. ओंजळीच्या तळाशी ती थांबली तेव्हा निरोप पोचवणारा उपग्रह क्षितिजाखाली जायच्या बेतात होता. तो पुन्हा नऊ तासांनी उगवणार होता. जाता जाता त्याने एक शेवटचा फोटो पाठवला.

फोटो लख्ख होता. तळावरचा खडा न् खडा दिसत होता आणि बर्फ कोवळ्या खोबऱ्यासारखा पांढरा होता. साडेतीन अब्ज वर्षांत तिथे पडलेला हा पहिला उजेड. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉ. सबनीस म्हणाल्या, “काय स्वच्छ आलाय हो!” मैथिलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तिने वळून बापाचा हात धरला. “बाबा, फोटो झाला की दिवा वाढवेल ना मुंगी?”

आणि तो शब्द तिच्या तोंडून ऐकताक्षणी श्रीरंगने आपल्या टेबलावरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता. उतरताना दहा टक्के असलेला दिवा आता शंभर टक्के होता.

“हो,” तो म्हणाला. “वाढवेल.”

तो कसाबसा खोलीबाहेर पडला आणि वाचनाच्या खोलीत जाऊन दार लावून बसला.

“भाऊसाहेब, कलम सहाशे बारा.”

“तळाशी थांबल्यावर प्रथम दिवा वाढवणे. अर्थ: प्रकाश पूर्ण क्षमतेने करणे. आपण मान्य केले आहे.”

“अरे, वाढवणे म्हणजे बंद करणे! दिवा वाढवतात म्हणजे काय करतात?”

यंत्राने नोंदी चाळल्या. “आपल्या बोलण्यात ‘वाढवणे’ हा शब्द सत्तावन्न वेळा आला. छप्पन वेळा त्याचा अर्थ अधिक करणे असा होता. हा दुसरा अर्थ नोंदवून घेऊ का?”

“आत्ता आज्ञा पाठवता येईल?”

“उपग्रह उगवेपर्यंत नाही. आठ तास एकावन्न मिनिटे.”

श्रीरंग तिथेच बसून राहिला. गणित मांडायची त्याला गरज नव्हती. हातभर अंतरावरून साठ वॅटचा दिवा सात तास चालू राहिला, तर समोरचा हातभर तुकडा उणे तीसपर्यंत जाणार होता. बॅटरी मध्येच संपली असती तरी बरं झालं असतं. पण बॅटरीत भरपूर शिल्लक राहावी अशी तजवीज त्यानेच केली होती. कामात तो चोख होता, हेच आता वैर झालं होतं. आपण मुग्धाच्या शब्दाने आपल्या पोरीचा घात केला, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी सात वाजता उपग्रह उगवला. मुंगी नमुना तपासून, वर चढून ओंजळीच्या काठावर उभी होती. निकाल अर्ध्या तासात आला. बर्फ होता. थरही होते, अगदी मैथिलीने सांगितले होते तसे. वायू मात्र कुठल्याच थरात नव्हते.

खोली हळूहळू रिकामी झाली. मैथिलीने निकाल तीनदा वाचला. मग ती बापाशेजारी येऊन बसली.

“माझंच चुकलं, बाबा,” ती म्हणाली. “सगळे सांगत होते. मीच हट्ट धरला.”

त्या वेळी सांगायला हवं होतं. श्रीरंगने तोंड उघडलंही होतं. पण ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. आपण सांगितलं तर हे डोकं खांद्यावरून उचललं जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. ती त्याच्यापाशी अशी शेवटची रडली होती मुग्धा गेली तेव्हा. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो मूग गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. चंद्रावरची रात्र सुरू व्हायला चार दिवस होते. ती सुरू झाली की काठावर सांडणारा उजेडही उरणार नव्हता आणि मुंगी गोठून कायमची थांबणार होती.

“पेठे,” डॉ. सबनीसांनी विचारलं, “आणखी एकदा खाली उतरण्याइतका जीव आहे का बॅटरीत?”

होता. श्रीरंगने पहाटेच हिशेब केला होता. काठावर सांडणाऱ्या उजेडात दोन दिवस बॅटरी भरली असती तर मुंगी ओंजळीच्या दुसऱ्या कडेला नक्की उतरली असती. चाळीस मीटरच्या त्या खड्ड्यात दिव्याने फक्त हातभर जमीन नासवली होती. बाकीचा बर्फ जसाच्या तसा होता. पण पुन्हा कशाला उतरायचं हे सांगायचं, तर दिव्याचं सांगायला लागणार होतं. दिव्याची नोंद फक्त त्याच्या टेबलावर येत असे. बैठकीच्या टेबलापलीकडे मैथिली मान खाली घालून बसली होती.

“अवघड आहे, मॅडम,” तो म्हणाला.

“आणि उतरून तरी काय करायचं? इथे रिकामं तर तिथेही रिकामंच,” डॉ. सबनीस म्हणाल्या. “काठावरचे फोटो घेऊ आणि थांबू.”

काठावरचे फोटो घेतले गेले. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मुंगीने शेवटचा निरोप पाठवला. त्यात तिचं तापमान होतं आणि बॅटरी ब्याण्णव टक्के भरलेली असल्याची नोंद होती.

पुढचे सहा दिवस श्रीरंग रोज ठरवत होता की आज सांगायचं. सकाळी चहाच्या वेळी ठरवायचा, घाट उतरताना ठरवायचा. मैथिली जेवत नव्हती. तिला फोन येणं बंद झालं होतं. नऊ वर्षं हसणारे लोक आता हसतही नव्हते, ते तिला धीर द्यायला लागले होते, आणि ते तिला जास्त लागत होतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा ती टेबलाशी बसून लिहीत होती. देवापाशी दिवा लागलेला होता.

“काय लिहितेस?”

“माझा सिद्धांत मागे घेतेय. ‘ओंजळीतल्या बर्फात आदिम वायू असल्याचे माझे म्हणणे चुकीचे होते.’ एवढंच. उद्या पाठवते. ऐक ना बाबा, ‘चुकीचे’ लिहू की ‘निराधार’?”

ती कोणता शब्द घ्यावा म्हणून विचारत होती. श्रीरंगला उभं राहवेना. तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कलम सहाशे बारा, वाचन, शंभर टक्के. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. तिच्या आईचा शब्द होता, सवयीने आला, मनात काही वाईट नव्हतं, असंही तो दोनदा म्हणाला.

मैथिलीने पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आधी एकदम उजेड आला. “म्हणजे माझं चुकलेलं नाही?” ती पुटपुटली. “म्हणजे वायू होते. बाबा, ते तिथे होते!”

“असतील. आहेत. पलीकडच्या बाजूला अजूनही...”

तो बोलून गेला आणि थांबला. पण ती बर्फाची अभ्यासक होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“फोटो आला तेव्हा.”

“मी तुझा हात धरला होता तेव्हा?”

त्याने मान डोलावली.

“मुंगी चार दिवस काठावर उभी होती, बाबा. बॅटरी ब्याण्णव टक्के होती. मॅडमनी तुला विचारलं होतं.”

“मैथिली, मला भीती वाटली गं. तू काय म्हणशील...”

“मी काय म्हटलं असतं? रागावले असते. दोन दिवस बोलले नसते. मग आपण दोघांनी मिळून तिला खाली उतरवलं असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “आईचा शब्द मधे आणू नकोस. शब्दाचं काही नाही. शब्द कुणाचाही चुकतो.”

तिने टेबलावरचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकला. तो पाठवायचा की फाडायचा, याने आता कशातच फरक पडत नव्हता. ती खरी होती हे सिद्ध करायला जगात एकच जागा होती, आणि पुढच्या वर्षी तिथे यंत्रं उतरणार होती. तिने आतून कपड्यांची छोटी बॅग आणली. श्रीरंग तिच्या मागे मागे नुसता फिरत होता.

देवापाशी ती क्षणभर थांबली. मग वाकून तिने फुंकर मारली.

“विझवला,” ती म्हणाली.

दारात चपला घालताना तिने मान वर केली नाही. जिन्यावर दिवा नव्हता. दोन पायऱ्या उतरून ती थांबली, लहानपणी थांबायची तशीच, आणि श्रीरंग दाराबाहेर आला.

“जाते मी, बाबा,” ती म्हणाली.

‘येते म्हणावं’ हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण ते म्हणायचा अधिकार आपल्याला उरला नाही, हे त्याला कळत होतं. चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. खालून कुणी काही ओरडलं नाही.